झेपेल तेवढंच

अकरा ओळी आल्या. खरं तर एकही यायला नको होती. दुरुस्ती झाल्यावर एखादा जुना रिपोर्ट उघडून बघायचा म्हणून त्याने शोधाच्या चौकटीत स्वतःचं आडनाव टाकलं होतं. वीस वर्षांची सवय होती ती. ज्या कुठल्या लॅबमध्ये जायचा तिथे आधी आडनाव टाकायचा आणि यादी रिकामी आली की समाधानाने पुढच्या कामाला लागायचा. शोध नीट चालतोय आणि आपल्या घरातलं कुणी आजारी नाही, ही दोन्ही कामं त्या रिकाम्या यादीत एकदमच होऊन जायची. आज अकरा ओळी आल्या आणि अकराही ओळींत त्याच्या आईचं नाव होतं. वय एकोणऐंशी. पत्ता ताईच्या घराचा. पहिली तारीख आई जायच्या आधी आठ महिन्यांची, शेवटची तारीख आई जायच्या आधी सहा दिवसांची. आईला जाऊन चार महिने झाले होते. अचानक गेली होती ती. सकाळी उठली, चहा घेतला, छातीत कळ आली आणि पाच मिनिटांत सगळं संपलं, असं ताईने फोनवर सांगितलं होतं, आणि गेले चार महिने तो भेटेल त्याला हेच वाक्य याच क्रमाने सांगत आला होता. लोकही म्हणायचे, सुटली बिचारी, हाल झाले नाहीत. त्यालाही तेवढंच बरं वाटायचं.

त्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. समोरच्या काउंटरवर लॅबच्या बाई कुणाच्या तरी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होत्या. बाहेरच्या बाकावर दोन म्हातारे आणि एक गरोदर बाई आपापल्या कागदांकडे बघत बसली होती. फ्रिजचा घुं असा आवाज सुरू होता आणि मधेच थांबत होता. तसं बघितलं तर त्याचं इथलं काम नुकतंच संपलं होतं. लॅबने नवा संगणक घेतला होता आणि त्यावर त्याच्या कंपनीचा रिपोर्ट छापायचा प्रोग्राम चालू व्हायला तयार नव्हता. सुरू होताना हा प्रोग्राम खालच्या सिस्टिमला विचारायचा, बाई गं, तू कुठली आवृत्ती, होम की प्रो? प्रो असली तर रुग्णांची माहिती कुलूपबंद ठेवायची सोय तिच्यातच असते. होम असली तर ते कुलूप प्रोग्रामलाच घालावं लागतं. एवढ्याशा प्रश्नावर पुढचं सगळं अवलंबून. आणि या कोऱ्या करकरीत संगणकावर सिस्टिम उत्तर देत होती ते बारा वर्षांपूर्वीचं, केव्हाच बाद झालेल्या एका आवृत्तीचं. लॅबच्या बाईंनी तीनदा फोन केला होता. हे काम खरं तर ऑफिसात बसूनही झालं असतं, पण गाव ताईचं होतं, आईचे दिवस झाल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता, म्हणून त्याने साहेबांना सांगितलं, मीच जाऊन येतो.

गडबड कुठे आहे ते त्याला लगेच सापडलं, कारण ती त्याचीच होती. सिस्टिमला तिची आवृत्ती विचारताना, विचारणाऱ्याने आधी स्वतःबद्दल एक आकडा सांगायचा असतो: मला अमुक सालापर्यंतच्या आवृत्त्या ठाऊक आहेत. सिस्टिम मग त्या आकड्याच्या आत बसेल असंच उत्तर देते. नवीन नावं जुन्या माणसाला सांगून त्याला गोंधळात टाकायचं नाही, त्याला कळतील त्याच शब्दांत भागवायचं, अशी तिची रीत. त्यात लबाडी नसते, एक प्रकारचा समजूतदारपणाच असतो; नाहीतर जुने प्रोग्राम अनोळखी नाव ऐकून तिथल्या तिथे कोसळतात. बारा वर्षांपूर्वी त्याने तो आकडा लिहिला, तेव्हा तो बरोबर होता. मग जग पुढे गेलं आणि आकडा तिथेच राहिला. त्याने आकडा बदलला, प्रोग्राम पुन्हा बांधला, चालू केला. सिस्टिमने मुकाट्याने खरं सांगितलं: प्रो. त्याला बरं वाटलं. लॅबच्या बाई म्हणाल्या, ‘‘सुटले बाई. चहा सांगू का, सर?’’ तो म्हणाला, सांगा, तोवर एक रिपोर्ट काढून बघतो. आणि आडनाव टाकलं.

आता चहा आला होता आणि त्यावर साय धरत होती. उघडू नये, असं एकदा त्याच्या मनात आलं. मग त्याने पहिली ओळ उघडली, मग दुसरी, आणि मग एकेक करत अकराही. त्याला रोगातलं काही कळत नव्हतं, पण मर्यादा कळत होत्या. प्रत्येक तपासणीचा खालचा आकडा आणि वरचा आकडा कधी काळी त्यानेच डॉक्टरांच्या यादीवरून प्रोग्राममध्ये भरला होता, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की तो ठळक छापायचा, हा नियमही त्याचाच. पहिल्या रिपोर्टात ठळक आकडे दोन होते. तिसऱ्यात पाच. सातव्या रिपोर्टापासून साधे आकडे शोधावे लागत होते. कावीळ दाखवणारा आकडा एखाद्या जिन्यावरून चढावा तसा चढत गेला होता, मधे एकदा उतरला होता. त्या वेळी काहीतरी उपचार झाला असणार, नळी घातली असणार, कुठल्यातरी खाटेवर आई झोपली असणार, आणि तो कुठे होता? त्याने तारीख बघितली. रविवारच्या आसपासची. म्हणजे दर रविवारसारखा त्या रविवारीही त्याने फोन केला होता आणि आई त्या खाटेवरून बोलली होती. ‘बरी आहेस ना?’ ‘बरी आहे रे. तू जेवलास का?’ मागून कसलीशी चाकं वाजल्याचा आवाज आला होता का? त्याला आठवेना, आणि आठवेना म्हणून तो घाबरला.

‘‘ओळखीच्या होत्या का, सर?’’ लॅबच्या बाईंनी पाठीमागून विचारलं. त्यांना पडदा दिसत होता. तो पटकन म्हणाला, ‘‘नाही. म्हणजे, नाव ओळखीचं वाटलं.’’ बाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना बोलायचंच होतं. ‘‘फार गोड होत्या हो या आजी. दर वेळी मुलगी घेऊन यायची, चष्म्याच्या दुकानात काम करते ती. रक्त काढताना शिर सापडायची नाही, तर मलाच धीर द्यायच्या, सावकाश काढ, मला कुठे गाडी पकडायचीय. आणि रिपोर्ट हातात दिला की आकडे बघायच्याच नाहीत. चष्मा लावायच्या आणि अगदी तळाशी कंपनीचं नाव बारीक छापलेलं असतं ना, ते वाचायच्या. म्हणायच्या, हे माझ्या मुलाचं आहे. मला आधी वाटलं, वयाने जरा इकडचं तिकडे होतंय. मग एकदा मुलगीही म्हणाली, हो, माझा भाऊ तिथेच आहे.’’ बाई थांबल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. ‘‘अगं बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला माहीत नव्हतं हो.’’ ‘‘मलाही नव्हतं,’’ तो म्हणाला. मग उगाचच जास्तीचं काही बोलायला नको म्हणून त्याने प्रोग्राम बंद केला, सहीचा कागद पुढे केला, आणि वर आलेली साय बोटाने बाजूला सारून तो गार चहा एका दमात संपवला.

रस्त्यावर ऊन होतं. लॅबपासून ताईचं दुकान चालत पंधरा मिनिटांवर. तो चालत राहिला. राग येईल असं त्याला वाटत होतं, पण राग कुठेतरी मागे रेंगाळला होता. आत नुसतं एक पोकळ काहीतरी हलत होतं, जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तसं. आठ महिने. त्याने सवयीने हिशेब केला, चौतीस-पस्तीस रविवार. त्यातले तीन तर तो प्रत्यक्ष इथे आला होता. शेवटी आला तेव्हा आई खिडकीला पाठ करून बसली होती. उजेड तिच्या मागे होता आणि चेहरा अंधारात. तो म्हणाला होता, ‘‘बारीक झालीस गं.’’ आई म्हणाली, ‘‘नवी कवळी बसवलीय, चावताना टोचते, खाणं कमी झालंय.’’ आणि तो, दोन्ही हातांनी झेलावं तसं ते कवळीचं उत्तर झेलून, उठून तिच्या टीव्हीची वायर बघायला गेला होता. ती वायर त्याने तासभर बघितली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या हातात ओला टॉवेल होता. आता त्याला तो टॉवेल दिसला. तेव्हाही दिसला होता. विचारलं नव्हतं.

या सगळ्याची सुरुवात कुठे झाली हे त्याला ठाऊक होतं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि तो एकोणीस वर्षांचा असताना एका इमारतीत काम करताना गेले. ते त्याला सांगितलं ते कोपऱ्यावरच्या एका माणसाने, सायकलवरून उतरायच्या आधीच, अगदी जसं घडलं तसं, काही न वगळता. तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला, आणि चाळीस दिवस बोललाच नाही. कॉलेजचं वर्ष गेलं. डॉक्टर म्हणाले, हळवा आहे, जपा. एवढंच म्हणाले होते, पण आईने ते वाक्य घट्ट धरलं. तेव्हापासून त्याला सगळं चाळून सांगितलं जाऊ लागलं. मामा वारले ते त्याला महिन्याने कळलं. शेजारची मांजर गाडीखाली सापडली तर आई म्हणाली, ते लोक तिला त्यांच्या मोठ्या घरी घेऊन गेले. तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि त्याच्या स्वतःच्या पोटी मुलगी झालेली होती. घरात यावर चेष्टाही चालायची. त्याला सांगायची बातमी आधी भिजत घाला, ताई म्हणायची, आणि तोही हसायचा. लग्न ठरलं तेव्हा आईने त्याच्या होणाऱ्या बायकोला स्वयंपाकघरात नेलं होतं आणि दार लोटून घेतलं होतं. काय सांगितलं ते बायकोने त्याला कधी सांगितलं नाही. त्याने कधी विचारलंही नाही. त्या एका गोष्टीचं त्याला आत्ता, भर उन्हात, फुटपाथवर, फार आश्चर्य वाटलं. अठरा वर्षांत एकदाही नाही.

त्याने झाडाखाली थांबून बायकोला फोन लावला. ‘‘पोचलास? झालं का काम?’’ ‘‘झालं. आईला काय झालं होतं?’’ पलीकडून ऑफिसातला कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा. बायको बाहेर आली असावी. ‘‘ताईंनी सांगितलं?’’ ती म्हणाली. तेवढ्याने त्याला कळलं. ‘‘तुला कधीपासून माहीत होतं?’’ ‘‘पहिल्या महिन्यापासून.’’ ‘‘आणि पोरगी?’’ ‘‘तिलाही माहीत होतं. सुट्टीत आम्ही दोघी चार दिवस राहून आलो ना, तेव्हा ती आजीजवळच झोपायची.’’ सोळा वर्षांची मुलगी. परीक्षेत एक मार्क कमी पडला तर रडणारी. तिला झेपेल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. बायको म्हणाली, ‘‘आईंनी शपथ घातली होती रे. त्यांना तू भिंतीकडे तोंड करून बसलेला नको होतास. म्हणाल्या, जाताना मला त्याचं हसरंच तोंड बघू दे.’’ नंतर ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘मी चुकले. दर आठवड्याला वाटायचं, आज सांगते. तू घरी आलास की बघायची तुझ्याकडे आणि वाटायचं, आत्ता छान आहे, उद्या.’’ तो म्हणाला, ‘‘मी संध्याकाळी फोन करतो.’’ आवाज त्याचाच होता, नीट येत होता. आपण आता बसणार, आपली वाचा जाणार, असं त्याला वाटून गेलं आणि तो तसाच थांबून वाट बघत राहिला. काही झालं नाही. समोरून एक बाई पोराला ओढत नेत होती. सिग्नल हिरवा झाला. त्याने रस्ता ओलांडला.

दुकानाच्या काचेतून ताई दिसली. ती मागच्या बाजूला यंत्रावर वाकून बसली होती. चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाने घासायचं तिचं काम. तीस वर्षं ती तेच करत होती, आणि तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की ती चेष्टेने म्हणायची, मला चोरी करायला हरकत नाही, ठसेच सापडायचे नाहीत. चौपन्न वर्षांची होती. लग्न तिने केलं नव्हतं, का ते तिने कधी सांगितलं नव्हतं आणि तेही त्याने विचारलं नव्हतं. काचेवर पाणी पडत होतं, चाक फिरत होतं. तिने मान वर केली, त्याला बघितलं, आनंदाने हात वर केला, आणि तो हात वरच राहिला. यंत्र बंद करून ती हात पुसत बाहेर आली. ‘‘कळवायचं तरी. काय रे, असा का उभा आहेस?’’ ‘‘लॅबमध्ये आलो होतो. तुमच्या लॅबमध्ये. आमचाच प्रोग्राम आहे तिथे.’’ ताईने एकदा डोळे मिटले. ‘‘मला आई म्हणाली होती,’’ ती म्हणाली, ‘‘की एक ना एक दिवस हा तिथे जाणार. मी म्हटलं, कशाला जातोय, ते लोक फोनवरच सगळं करतात.’’ तिने आत जाऊन मालकाला काहीतरी सांगितलं, पर्स घेतली आणि दोघं चालू लागली.

ताईचं दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर होतं तसंच होतं. फक्त आईची खाट नव्हती आणि त्या जागी फरशी आजूबाजूपेक्षा उजळ दिसत होती. ताईने पंखा लावला. मग त्याचा राग आला. कुठून आला कोण जाणे, पण आला तो पुरासारखा. ‘‘तू माझी आई माझ्यापासून चोरलीस,’’ तो म्हणाला. ‘‘आठ महिने. मी तिथे टीव्हीच्या वायरी बघत बसलो. ती तिकडे मरत होती आणि मी तिला ऑफिसातले विनोद सांगत होतो. तुम्ही सगळे मिळून मला बघत होता. माझी मुलगीसुद्धा.’’ ताई ऐकत राहिली. तो आणखी बरंच बोलला. त्यातलं काही खरं होतं आणि काही फक्त लागावं म्हणून होतं. तूच काय ती एकटी मोठी, असंही म्हणाला. मी काय वेडा आहे, असंही. त्याचं बोलणं संपलं तेव्हा ताई म्हणाली, ‘‘विचारलंस कधी?’’

‘‘दर रविवारी विचारत होतो.’’

‘‘काय विचारायचास? बरी आहेस ना? असंच ना?’’ ताईचा आवाज चढला नव्हता. ‘‘अरे, त्या ‘ना’मध्येच उत्तर असायचं. आई फोन ठेवायची आणि हसायची, म्हणायची, याला काय सांगू, हा उत्तर घेऊनच येतो. एकदा तिने ठरवलं होतं. पाचवा महिना होता. मला म्हणाली, आज सांगते, तो आता मोठा झालाय. मी समोरच बसले होते. तू फोन केलास, म्हणालास, बरी आहेस ना, आणि ती थांबली. चांगली थांबली. आणि तू पलीकडून म्हणालास, हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये का. मग ती म्हणाली, येतोय रे, बरी आहे. फोन ठेवला आणि मला म्हणाली, घाबरला तो, मी नुसती गप्प राहिले तर घाबरला.’’

ते ‘हॅलो, हॅलो’ त्याला आठवलं. गॅलरीत उभा होता तो, फोन कानाला आणि दुसऱ्या हाताने दोरीवरचे कपडे काढत होता. पलीकडे शांतता झाली आणि काहीतरी येतंय असं वाटलं होतं, आणि ते येऊ नये म्हणून तो घाईघाईने बोलला होता. रेंज चांगली होती. ते त्याला तेव्हाही ठाऊक होतं. मग आता ताईवर ओरडायला काही उरलं नाही. तो खाली बसला, आणि बसला तो नेमका त्या उजळ फरशीवर. बारा वर्षांपूर्वी लिहिलेला आकडा त्याने सकाळी तासाभरात बदलला होता. हा किती वर्षांपूर्वीचा? एकोणतीस. आणि तो लिहिला होता कुणी? आईने, डॉक्टरांनी, कोपऱ्यावरच्या त्या सायकलवाल्याने, असं तो म्हणत आला होता. पण त्यानंतर रोज सकाळी उठून तो आकडा जागच्या जागी आहे ना हे बघत कोण होतं? जड वस्तू कुणी उचलायला लावत नाही म्हणून हळूहळू माणूस हातच पुढे करत नाही, तसं झालं होतं. आणि त्यात सुख होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण सुख होतं.

‘‘सांग,’’ तो म्हणाला. ‘‘सगळं. पहिल्या दिवसापासून. काही गाळू नकोस.’’

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं, काच घासून झाल्यावर उजेडात धरून बघावी तसं. मग तीही खाली बसली, भिंतीला टेकून, आणि सांगू लागली. आईच्या अंगाला खाज सुटायची, रात्रभर ती स्वतःला ओरबाडायची, तिथून सुरुवात झाली. मग डोळे पिवळे. मग तो मोठा शब्द, जो डॉक्टरांनी ताईला बाहेर बोलावून सांगितला आणि आईने आत बसून ऐकला, कारण दार नीट लागत नव्हतं. मग नळी. मग ती बंद झाली आणि दुसरी. आई एके दिवशी चिडली होती, ताटली भिंतीवर फेकली होती, आणि मग स्वतःच पुसायला उठली होती. दुसऱ्या एका दिवशी तिने सगळ्या साड्या खाटेवर मांडल्या आणि कुठली कुणाला ते सांगितलं आणि शेवटी म्हणाली, निळी राहू दे, ती मी नेसणार आहे अजून. शेवटचे तीन दिवस ती ताईला ओळखत नव्हती, तिला ‘सिस्टर’ म्हणायची आणि फार अदबीने पाणी मागायची. आणि गेली ती सकाळी चहा घेऊन नव्हे. दुपारी गेली. खूप वेळ लागला. श्वास जायचा आणि परत यायचा, जायचा आणि परत यायचा, आणि ताई एकटी होती, आणि प्रत्येक वेळी श्वास परत आला की तिला वाटायचं, नको येऊस आता, आणि असं वाटलं म्हणून तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतली होती. हे सांगताना ताईचा आवाज पहिल्यांदा फाटला. ‘‘हे मी कुणाला बोलले नाही,’’ ती म्हणाली. ‘‘कुणाला बोलणार? तुला तर चहाचं सांगून बसले होते.’’

तो सरकत सरकत तिच्याजवळ गेला. तिचा हात हातात घेतला. त्या गुळगुळीत बोटांना यंत्राच्या थंड पाण्याचा वास होता. ताई रडली, खूप वेळ रडली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी, आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. तोही रडत होता, पण त्याचं रडणं त्याच्या फारसं लक्षात आलं नाही. चार महिने तो ज्या आईसाठी रडला होता ती चहा पिऊन गेलेली एक बाई होती. आता ही दुसरी आली होती, अंग ओरबाडणारी, ताटली फेकणारी, निळी साडी मागे ठेवणारी, आणि तिच्यासाठी त्याला अगदी पहिल्यापासून रडावं लागणार होतं, आणि ती खरी होती, ती त्याची होती. हे कधी संपेल असं त्याला वाटत नव्हतं. संपावं असंही वाटत नव्हतं.

ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. खाली कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ताईने पदराने तोंड पुसलं, उठून दोन ग्लास पाणी आणलं, एक त्याला दिला आणि आपला हातात धरून उभीच राहिली. काही क्षण ती काहीतरी ठरवत होती. त्याच्या ओळखीचा चेहरा होता तो. या चेहऱ्यानंतर नेहमी विषय बदलायचा, टीव्ही लागायचा, कुणीतरी चहाचं विचारायचं. पाणी न पिताच तिने ग्लास खाली ठेवला.

‘‘डॉक्टर म्हणाले होते, मुलांनीही तपासून घ्या,’’ ताई म्हणाली. ‘‘घराण्यात असू शकतं. तुला सांगायचं राहिलंच होतं, म्हणजे सांगणार नव्हते. मी गेले महिन्यापूर्वी. फोटोत काहीतरी दिसतंय म्हणाले. सुईने तुकडा काढून बघणार आहेत. गुरुवारी.’’

त्याच्या जिभेवर आलंच होतं, काही नसेल गं, ना? ते त्याला स्पष्ट जाणवलं, ओठांच्या आत, तयार. त्याने ते तिथेच दाबलं. भिंत थोडी जवळ आल्यासारखी वाटली. तो तिच्याकडेच बघत राहिला.

‘‘आणखी कुणाला माहीत आहे?’’

‘‘कुणाला नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.’’

‘‘तुला काय वाटतंय?’’ त्याने विचारलं.

ताई बराच वेळ गप्प राहिली. तो मधे बोलला नाही.

‘‘भीती वाटतेय,’’ ती म्हणाली.

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘गुरुवारी किती वाजता निघायचं?’’